कान देऊन : लिरिलची लकेर आणि नासदीय सूक्त

गेल्या अंकात जाता जाता संगीतकार वनराज भाटियांचं नाव काढलं आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. या सदरात एवढी पत्रं फक्त एकदा आली होती, ती मी एका गाण्याचा राग चुकीचा छापला तेव्हा. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतो.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत, 'भाटियांची चाल ऐकून ओळखता येत नाही, तेच त्यांचं मोठेपण.' हे काही पटलं नाही. मदनमोहन दोन ओळींत ओळखू येतात, ओ. पी. नय्यर तर नुसत्या ठेक्यावर. ज्याची ओळखच पटत नाही त्याची शैली कसली?
(एक निवृत्त मुख्याध्यापिका, मिरज)

बाई, पकडलंत. वाक्य जरा चढवूनच लिहिलं होतं. पण मागे घेत नाही. का ते सांगतो.

नवीन वाचकांसाठी : साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आठ बाय दहाची जागा, दोन डेक, एक टर्नटेबल. लोक गाण्यांची यादी आणायचे, मी साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचो. (कॉपीराइट हा शब्द आमच्या गल्लीत फार उशिरा पोचला. पोचल्यावर दुकान बंद केलं, असं म्हणालो तर खोटं होईल. सीडी आली म्हणून बंद केलं.) हजारो याद्या हाताखालून गेल्या. 'सी. रामचंद्र – फक्त लता', 'ओपी – आशा, टांगा सोडून' अशा. पण 'वनराज भाटिया' असं लिहिलेली यादी एकही आली नाही. गाणी मात्र यायची. 'मंथन'चं 'मेरो गाम' लोक गरब्यांच्या यादीत लिहायचे. 'जुनून'मधलं आशा आणि वर्षा भोसलेंचं 'घिर आयी कारी घटा' शास्त्रीयच्या यादीत. 'जाने भी दो यारो' तर कोणी गाण्याचा सिनेमा म्हणून धरतच नव्हतं. माणूस एकच, आणि मी त्याला चार खणांत ठेवून विकत होतो.

आता 'भूमिका' घ्या, 1977 चा. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर श्याम बेनेगलांनी केलेला. नायिका स्वतःच सिनेमानटी, त्यामुळे यातली बरीच गाणी 'सिनेमातल्या सिनेमा'तली. इथे दुसऱ्या एखाद्या संगीतकाराने काय केलं असतं? सत्तरच्या दशकातली सुरेख चाल दिली असती आणि पडदा थोडा पिवळा केला असता. भाटियांनी आधी विचारलं असणार की हे गाणं कुठल्या सालच्या स्टुडिओत उभं आहे? मग त्या सालचा ठेका, त्या सालची वाद्यं, आणि गाणाऱ्याने शब्द ज्या तऱ्हेने तेव्हा नाकातून आणि दातांतून काढले असते ती तऱ्हा. 'सावन के दिन आये' मी एका गिऱ्हाइकाला नाव न सांगता ऐकवलं होतं. हा माणूस जुन्या तबकड्या गोळा करणारा, सहजी फसणारा नव्हे. तीस सेकंद ऐकून म्हणाला, "45-46 सालचं दिसतंय. एवढं साफ कुठून मिळालं तुला?"

याच सिनेमात घरातल्या गाण्यासाठी सरस्वतीबाई राणे गायल्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, हिराबाई बडोदेकरांच्या धाकट्या बहीण. आणि 1943 च्या 'रामराज्य'मधलं 'बीना मधुर मधुर' यांचंच. म्हणजे ज्या काळाचं सोंग आणायचं, त्या काळात खरोखर माइकसमोर उभं राहिलेला आवाज बोलावला. सोंग आणि अस्सल यांची सरमिसळ अशी की जोड कुठे आहे ते कळू नये. माझ्या दृष्टीने शैली म्हणतात ती हीच, बाई. नय्यरसाहेबांचा ठेका म्हणजे त्यांची सही. भाटिया सही करत नव्हते. सिनेमातल्या माणसांचं वय, गाव आणि साल विचारून कापड बेतणारे ते शिंपी होते.

तुम्ही म्हणाल, मग कुठेच तो माणूस दिसत नाही का? दिसतो, दोन ठिकाणी. एक म्हणजे प्रीती सागरचा आवाज. हलका, किंचित बालिश, गाताना हसतोय असं वाटणारा. 'मेरो गाम'साठी तिला फिल्मफेअर मिळालं, आणि ते शब्द तिची बहीण नीती हिचे. लता-आशाच्या ऐन राज्यात भाटियांनी हा कोवळा आवाज पुन्हा पुन्हा वापरला. 'भूमिका'मधलं 'तुम्हारे बिना जी ना लगे' ऐका, ते दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालून बघा, बसत नाही. आणि दुसरं ठिकाण म्हणजे गप्प राहणं. त्याबद्दल खाली नाशिकच्या पत्रात.

प्रश्न : लिरिल साबणाच्या धबधब्याच्या जाहिरातीचं संगीत त्यांचंच ना? आमची पैज लागली आहे.
(दोन भाऊ, इचलकरंजी)

त्यांचंच. आवाज पुन्हा प्रीती सागर. ज्याने 'नाही' म्हटलं त्याने मिसळ द्यावी.

प्रश्न : मी लघुपट आणि लग्नाचे व्हिडिओ संकलित करतो. पार्श्वसंगीत म्हणजे मी लॅपटॉपवरून उचलून चिकटवतो ते. भाटियांच्या काळी हे काम कसं चालायचं? आणि गाण्यांचा संगीतकार वेगळा, पार्श्वसंगीताचा वेगळा, असं का?
(एक तरुण, नाशिक)

आधी दुसऱ्याचं उत्तर. मुंबईच्या सिनेमात गाणं हा वेगळा माल होता. तो सिनेमाच्या आधी बाजारात जायचा, सिनेमा पडला तरी चालायचा. चाल बांधणारे बरेच जण पेटीवर चाल सांगायचे. मग अरेंजर, बहुतेक गोव्याचा, ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवून साठ माणसांच्या वाद्यवृंदात वाटायचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं तुम्ही ऐकली असतील. नसतील तर आधी ती शोधा. पार्श्वसंगीत शेवटच्या आठवड्यात, निर्मात्याचे पैसे संपल्यावर, बऱ्याचदा सहायकांच्या गळ्यात पडायचं. भाटिया उलट टोकाचे. स्वतः नोटेशन लिहिणारे, जाहिरातीत मुरलेले. आणि जाहिरात काय शिकवते? तीस सेकंदांत सगळं सांगून बाजूला हो. त्यांच्या नावावर सात हजारांच्या वर जिंगल सांगतात. त्यातल्या निम्म्याच धरल्या तरी स्टॉपवॉच अंगात भिनायला पुरेशा आहेत.

कामाची तऱ्हा अशी : सिनेमा रिळांत तुटलेला. प्रत्येक रिळात संगीत फिल्मच्या कुठल्या फुटावर सुरू, कुठे बंद, याचा कागद. स्टुडिओत भिंतीवर तो तुकडा दाखवत राहायचे, समोर वादक, आणि हातवारे करून त्यांना चालवणारा कंडक्टर, एक डोळा पडद्यावर ठेवून. एका वादकाचा गज घसरला की तुकडा पुन्हा पहिल्यापासून. आज तुम्ही माउसने दोन फ्रेम सरकवता. तेव्हा पन्नास माणसं सरकवावी लागायची. त्यामुळे 'इथे संगीत हवंच का?' हा प्रश्न खिशाचाही होता. पण भाटियांच्या बाबतीत तो नुसता खिशाचा नव्हता.

गोविंद निहलानींचा 'तमस' बघा, 1988 च्या जानेवारीत दूरदर्शनवर आलेला. फाळणीच्या दंगली. भीष्म साहनींची कादंबरी. दाखवू नये म्हणून लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि दाखवा म्हणाले. शीर्षकसंगीत आठवतंय? 'ओ रब्बा' अशी एक किंकाळी. गाणं नाही, आलाप नाही, सूर लावायचा म्हणून लावलेला नाही. घर जळताना बाई जशी ओरडेल तशी. आमच्या घरी माझी आई ती सुरू झाली की उठून आत जायची. नंतर मालिकेत जे भयंकर घडतं, तिथे वाद्यांनी गळा काढून सांगायची गरजच उरत नाही, कारण ती किंकाळी कानात आधीच बसलेली असते. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुम्ही एक करून बघा. 'तमस'मधला एखादा प्रसंग घ्या, आवाज बंद करा, आणि त्यावर तुमच्या लॅपटॉपातलं 'सॅड व्हायोलिन' लावा. दोन मिनिटांत लाज वाटेल. मला वाटली. (नातवाच्या लॅपटॉपवर केलं होतं.)

पुढचा भाग तुम्हाला रुचेल की नाही माहीत नाही, पण लिहितो. त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. महाभारत आजच्या काळात आणणाऱ्या 'कलयुग'चं, 1981 च्या, पार्श्वसंगीत काही ठिकाणी मला जड वाटतं, महाभारत चालू आहे याची आठवण करून देणारं. पण त्याच वर्षीचा '36 चौरंगी लेन' काढून ऐका. कोलकात्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका, तिचं घर, तिचं मांजर. तिथे पाश्चात्त्य संगीत हे 'परिणामासाठी' आणलेलं नाही. त्या बाईच्या घरातलंच आहे, तिच्या चहाच्या किटलीवरच्या टीकोझीसारखं.

प्रश्न : माझी मुलगी पियानोच्या परीक्षा देते. भाटिया कच्छी घरातले, मग पाश्चात्त्य संगीताकडे कसे वळले? कुठे शिकले? आणि एवढं शिकून साबणाच्या जाहिराती का?
(एक आई, ठाणे)

तुमच्या शेवटच्या प्रश्नात थोडी काळजी दिसते, ती मुलीपर्यंत पोचू देऊ नका.

जन्म मुंबईतच, 31 मे 1927. पोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो कानावर पडला आणि त्याचं वेड लागलं. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो. एल्फिन्स्टनमधून इंग्रजीत एम.ए., 1949. मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, 1954 साली तिथलं सुवर्णपदक. तिथून पॅरिसला नादिया बूलाँजे यांच्याकडे. ही बाई म्हणजे विसाव्या शतकातल्या संगीतकारांची शाळामास्तरीण : एरन कोपलंड, क्विन्सी जोन्स, फिलिप ग्लास, सगळे हिच्यापुढे वही घेऊन बसलेले. तिचा दंडक कडक. स्वरलेखन, काउंटरपॉइंट (दोन-तीन चाली एकाच वेळी गुंफणं), कान, पुन्हा कान. 1959 ला भाटिया भारतात परत आले.

आणि इथे कोणी हार घेऊन उभं नव्हतं. सिम्फनी लिहिणाऱ्या माणसाने 1959 च्या मुंबईत करायचं काय? वाजवायला वाद्यवृंद नाही, ऐकायला मूठभर पारशी आणि गोवेकर. मग त्यांनी 'शक्ती सिल्क साडी'च्या जाहिरातपटाला संगीत दिलं आणि रस्ता सापडला. 1960 ते 65 दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. जाहिराती मात्र सुटल्या नाहीत, आणि बेनेगलही मूळचे जाहिरातपटवालेच. 1974 ला 'अंकुर' केला तेव्हा भाटिया सत्तेचाळीस वर्षांचे होते. पहिला कथापट सत्तेचाळिसाव्या वर्षी! मुलीला हे वाक्य दाखवायला हरकत नाही, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

जाहिरातीत त्यांचं शिक्षण वाया गेलं असं मला वाटत नाही. लिरिलची लकेर म्हणून बघा. शब्द जवळजवळ नाहीत, नुसतं 'ला ला'. एवढ्यात थंड पाणी, लिंबू आणि पोरगी तिन्ही आलं पाहिजे, आणि साताऱ्यातल्या दुकानदाराला पन्नास वर्षांनी आठवलं पाहिजे. बूलाँजेबाईंना साबण आवडला असता का ते सोडा, काटकसर नक्की आवडली असती.

मैफलीचं संगीत ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर 'अग्निवर्षा' हा ऑपेरा घेतला होता. 2019 च्या जानेवारीत चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले, तेव्हा चेलोवर भाटियांची 'रेव्हरी' वाजवली. 2012 ला पद्मश्री. पण उतारवयात हात तंग होता, पेपरांत छापून आलं होतं ते. 7 मे 2021 ला मुंबईतच गेले. करोनाची दुसरी लाट चालू होती. रोज इतकी माणसं जात होती की ही बातमी मला दोन दिवसांनी कळली.

प्रश्न : 'त्रिकाल'बद्दल काही लिहा ना. आमच्या घराण्याच्या मुंजी-लग्नांत जे वाजत नाही ते शेजारच्या घरात वाजायचं, ते सगळं त्यात आहे.
(एक वाचक, मडगाव)

तुम्ही एका ओळीत जे सांगितलंत त्यात मी काय भर घालू? 1985 चा सिनेमा, गोष्ट 1961 च्या गोव्यातली, पोर्तुगीज जाण्याच्या तोंडावरची. चित्रण लोटलीला, मारिओ मिरांडांच्या घरात. इथे भाटियांनी जे केलं ते 'भूमिका'सारखंच : त्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी जे ऐकू आलं असतं तेच आपल्याला ऐकू येतं. रेमो फर्नांडिस त्यात दिसतो. बाकी तुम्हीच सविस्तर लिहून पाठवा, मानधन मी माझ्यातलं देईन. (संपादकांनी हे वाक्य कापू नये.)

प्रश्न : शास्त्रीय गाणाऱ्यांना सिनेमात घेतात तेव्हा त्यांच्याकडून तीन तानांचं काम करून घेतात आणि सोडून देतात. भाटियांनी वेगळं काय केलं?
(एक गाणं शिकणारी, कोल्हापूर)

'सरदारी बेगम' ऐका, 1996. आरती अंकलीकर-टिकेकर. ठुमरी गाणाऱ्या बाईचं आयुष्य, शब्द जावेद अख्तरांचे. इथे गाण्याला जागा मिळते, बोल घोळवायला वेळ मिळतो, आणि ठुमरी ठुमरीसारखी चालते. तुमच्या गुरूंना विचारून ऐका. नाही म्हणाल्या तर न विचारता.

प्रश्न : आम्ही भाटियांचं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? एकच सांगा, यादी नको.
(कॉलेजची मुलं, अमरावती)

'भारत एक खोज'चं शीर्षकगीत. दूरदर्शनवरची ही मालिका 1988 पासून रविवारी सकाळी लागायची, त्रेपन्न भाग. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त मूळ संस्कृतात, मग हिंदीत : सृष्टीच्या आधी काही नव्हतं, असणंही नव्हतं आणि नसणंही. हिंदी शब्द वसंत देवांचे, ज्यांनी आपली मराठी नाटकं हिंदीत नेली तेच. चाल पेटीवर वाजवून बघा. सुरुवातीच्या ओळी फार थोड्या सुरांत फिरतात. जिथे काहीच नाही तिथे तान कुठून येणार? मग प्रश्न सुरू होतात, काय झाकलेलं होतं, कोणी झाकलं होतं, आणि सूर वर सरकायला लागतो. वृंदातला एकही गायक 'मी गातोय' असं दाखवत नाही. पंडिताचं पठणही वाटत नाही आणि चर्चमधलं क्वायरही वाटत नाही, आणि दोन्हीतलं थोडं थोडं आहे. पॅरिस आणि काशी एका माणसात कशी मावली याचा पुरावा मागणाऱ्यांना मी हीच दोन-तीन मिनिटं ऐकवतो. भाग संपताना हिरण्यगर्भ सूक्त आहे, तेही सोडू नका.

तेव्हा याची कॅसेट बाजारात कुठे मिळाली नाही. आमच्या इथल्या कॉलेजात शिकवणारे एक सर दुकानात आले आणि म्हणाले, "तेवढं शीर्षक भरून द्या, काय लागेल ते घ्या." टीव्हीवरून भरायचं म्हणजे टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर धरायचा आणि घरातल्यांनी श्वास रोखायचा. पहिल्या रविवारी 'असत् भी नहीं' म्हणताना कुकरने शिट्टी दिली. दुसऱ्या रविवारी कुकर अकराच्या आधीच खाली उतरवला, पंखा बंद केला, पोरांना गच्चीवर पाठवलं. त्या दिवशी वीज गेली. तिसऱ्या रविवारी जमलं. सरांनी दुकानातच उभं राहून ऐकलं, पैसे दिले, आणि जाताना विचारलं, "ती कुकरची आहे का अजून? तीही द्या. घरच्यासारखी वाटते."